दर दोन तासांनी

त्या वर्षी टोमॅटो आठवडाभर आधीच पिकला. ऊन असं पडलं की सकाळी पांढुरका दिसलेला फळांचा घोस दुपारी लाल व्हायचा, आणि संध्याकाळपर्यंत तोडला नाही तर दुसऱ्या दिवशी क्रेटमध्ये दबून फुटायचा. घरात धडधाकट माणसं तीनच होती. थोरला, थोरली आणि धाकटी. धाकटा वर्षातले दहा महिने खोदाईच्या मशीनवर परमुलखात असे. सासू तीन वर्षांपासून खाटेवर होती. तिचं डावं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. एक शब्द तेवढा तोंडात शिल्लक राहिला होता, ‘नको’. पाणी हवं असलं तरी ती नकोच म्हणायची, आणि नको असलं तरी नकोच. कुठलं नको कुठल्या सुरात येतं ते फक्त थोरलीला कळायचं.

थोरली उजाडायच्या आत उठायची. सासूचा उजवा गुडघा दुमडायचा, खांद्याखाली हात घालायचा आणि पूर्ण अंग आपल्या छातीशी ओढून घ्यायचं. मग पाठ पुसायची, चादर काढायची, कोरडी घालायची. पातळ केलेला भात उजव्या गालात सरकवायचा, कारण डाव्या गालात गेला की तो तिथंच राहायचा. एवढं उरकून सूर्य वर यायच्या आत ती वावरात असायची. टोमॅटोच्या झाडाचा हिरवा रस बोटांना लागून लागून काळा झाला होता आणि साबणानं जात नव्हता.

धाकटी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. लग्न ठरतानाच शिकवायचं कबूल झालं होतं, त्यामुळे उघड कुणी काही बोलत नसे. पण ती सातच्या गाडीला पांढरे कपडे घालून निघाली की थोरला खुरपं जरा जोरानं आपटायचा. थोरली तिला ‘नर्सबाई’ म्हणायची. सुरुवातीला ते कौतुकानं होतं.

एका रविवारी थोरली दुपारी पाणी प्यायला घरी आली, तर धाकटी कागदांची चळत घेऊन दारातच बसलेली.

“ताई, जरा टेक. कॉलेजचं काम आहे.”

“तोडणी निम्मी राहिलीय.”

“दहा मिनिटं. एक घर निवडून अभ्यास करायचाय. अंथरुणाला खिळलेला पेशंट असलेलं. बाकीच्या मुली घरं शोधत हिंडतायत. आपल्याकडे घरातच आहे.”

‘आपल्याकडे घरातच आहे’ हे ती असं म्हणाली, जसं एखादं अवजार शेजाऱ्याकडून मागून आणावं लागत नाही.

“इथं अंगठा दे आधी.”

“काय लिहिलंय त्यात?”

“काही नाही गं, आपली हरकत नाही असं. सगळ्यांचा घ्यावा लागतो.”

थोरलीनं अंगठा दिला. शाईची गरज पडली नसती इतका तो काळा होता, तरी धाकटीनं शाईची डबी पुढं केली. मग पेन काढलं.

“पेशंटची कूस दिवसातून किती वेळा बदलता?”

“मोजून कोण करतं?”

“आकडा लागतो.”

“सकाळी उठल्या उठल्या. वावरात जाताना. आता पाणी प्यायला आले की. संध्याकाळी आल्यावर. आणि ओलं झालं की ते वेगळं.”

धाकटीनं कागदावर एक खूण केली.

“काय लिहिलंस?”

“अनियमित.”

“मी तर सगळं सांगितलं.”

“तीनच रकाने आहेत ताई. नियमित, अनियमित, अजिबात नाही. तू सांगितलंस ते कुठं बसवू?”

असे चाळीस प्रश्न होते. पाणी किती मिलिलिटर, नखं कधी कापली, हात कशानं धुता, काळजी घेणाऱ्याचं शिक्षण किती. थोरली उभ्यानंच उत्तरं देत होती आणि वावरात उन्हानं लाल होणारी ओळ तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. शेवटी धाकटीनं सासूला कुशीवर करायला सांगितलं. माकडहाडावर जखम होती. पंधरा दिवसांपूर्वी नुसता लाल चट्टा होता. तोडणी सुरू झाल्यापासून दुपारची एक फेरी चुकायला लागली आणि कातडी गेली. थोरलीला ते माहीत होतं. ती मिठाच्या पाण्यानं पुसत होती, कोरडं ठेवत होती, आणि त्याविषयी कुणाशी बोलत नव्हती.

धाकटीनं कागदी पट्टी लावून जखम मोजली. तीन बाय दोन. मग मोबाइल काढला.

“फोटो कशाला?”

“पुरावा म्हणून. तोंड येत नाही त्यात.”

“नको,” सासू म्हणाली. “नको, नको.”

“त्या सगळ्यालाच नको म्हणतात,” धाकटी म्हणाली आणि फोटो काढला.

हे नको कुठलं होतं ते थोरलीला कळलं. पण तोपर्यंत मोबाइल खिशात गेला होता, आणि तिला वावरात जायचं होतं.

पाच-सहा दिवसांनी क्रेट भरायच्या जागी ते तिच्यापर्यंत आलं. टेम्पोवाल्याची बायको क्रेटवर खूण करता करता म्हणाली, “सासूला फार झालंय म्हणे. माझी भाची तुमच्या नर्सबाईच्याच वर्गात आहे. फळ्यावर मोठा करून दाखवला म्हणे फोटो. पोरींनी नाकाला रुमाल लावले.”

भोवती सात-आठ बायका होत्या. एकीनं हसू दाबलं. दुसरी म्हणाली, “तीन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, माणूस कंटाळतंच.” ते बोलणं थोरलीच्या बाजूचं होतं, आणि तेच जास्त लागलं. तिनं क्रेट उचलला, टेम्पोत चढवला, दुसरा उचलला. कुणाकडे पाहिलं नाही.

घरी थोरल्यानं तिलाच धरलं. “लोक विचारतात, आईकडे कोण बघतं म्हणून. काय सांगू?”

“मला विचारता? फोटो मी काढला का?”

“जखम तर फोटोनं नाही केली.”

धाकटी आत चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या मॅडम पडताळणीला आल्या. साधी, घामेजलेली बाई, पायात धुळीनं भरलेल्या चपला. खुर्चीत बसून त्यांनी फाइल उघडली, सासूची नाडी पाहिली, जखम पाहिली, मान हलवली. थोरली दारात उभी होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, “मॅडम, त्यात माझ्याबद्दल काय आहे ते वाचून दाखवा.”

“ताई, ते सगळं अभ्यासाच्या भाषेत आहे,” धाकटी मध्येच म्हणाली.

“मग अभ्यासाच्या भाषेतच वाचा.”

मॅडमनी एकदा धाकटीकडे पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. “मुख्य काळजीवाहक, थोरली सून. शिक्षण, नाही. आरोग्यविषयक ज्ञान, अपुरं. काळजीचा दर्जा, असमाधानकारक. शय्याव्रणाचं संभाव्य कारण, दुर्लक्ष.”

सासूचा उजवा हात चादरीवर वर-खाली होत होता.

“दुर्लक्ष,” थोरली म्हणाली. “हे हिनं कधी पाहिलं? सातला जाते, सहाला येते. मला पाहायला तरी घरात कधी होती?”

“तुम्ही संमती दिलेली आहे. हा तुमचा अंगठा.”

“संमती कशाला ते कुणी वाचलं नाही मला.”

मॅडमनी पेन बंद केलं. “वाचून दाखवलं नव्हतंस?”

“सांगितलं होतं, मॅडम. थोडक्यात.”

“हरकत नाही असं लिहिलंय म्हणाली,” थोरली म्हणाली. “आता ऐका. माझी हरकत आहे. मला ज्ञान नाही, हिला आहे. तर आजपासून हिनं करावं. मी बोट लावणार नाही.”

तिला वाटलं होतं मॅडम समजूत काढतील. पण त्या फाइल चाळत म्हणाल्या, “तसंही दुसऱ्या टप्प्यात विद्यार्थिनीनं स्वतः दोन आठवडे काळजी घेऊन फरक नोंदवायचाच असतो. सुट्टी मिळेल तुला. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि तक्त्यात नोंद करायची. जखम एक दिवसाआड मोजायची. जमेल ना?”

“जमेल,” धाकटी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

तिनं त्याच दिवशी तक्ता आखला. डावीकडे एकाखाली एक तारखा, वर आडवे सहा, आठ, दहा, बारा. खिळा ठोकून खाटेच्या डोक्याशी अडकवला. पहिले दोन दिवस तिनं मनापासून केलं. उकळून गार केलेलं पाणी, कापूस, हातमोजे. सासूला तिनं उशा लावून असं नीट कुशीवर निजवलं की थोरली वावरातून आली आणि दारातच क्षणभर थांबली. मग हात धुवायला गेली.

तिसऱ्या दिवशी धाकटीची कंबर धरली. पुस्तकात दोघींनी मिळून उचलायचं असतं, एकीनं खांद्याशी, एकीनं मांड्यांशी. घरात ती एकटी होती. आणि सासू तिच्या हातानं जेवेना. भात उजव्या गालात जायला हवा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नाही. चमचा पुढं केला की सासू चांगल्या हातानं तो उडवायची. एकदा तिनं धाकटीच्या तोंडावरच हात मारला. दाताला लागून ओठ फाटला.

“हे कुठल्या रकान्यात लिहिलंस?” थोरलीनं संध्याकाळी ओठाकडे बघत विचारलं.

धाकटी पाठ फिरवून कापूस डब्यात भरायला लागली. सांगितलं असतं की एकटीला उचलत नाही, तर थोरली आली असती कदाचित. पण मग ते ‘जमेल’ म्हणालेलं परत घ्यावं लागलं असतं, आणि तेही थोरलीच्या समोर. चौथ्या दिवशी दुपारी ती खाटेशेजारी जमिनीवर जरा आडवी झाली. पत्रा तापलेला, अंगाला घाम. उठली तेव्हा चार वाजून गेले होते. दहापासूनचे सगळे रकाने मोकळे होते. तिनं ते भरले. पाचव्या दिवशी तिनं ते आधीच भरले.

नवव्या दिवशी थोरली पाणी प्यायला आली. धाकटी मोरीत चादर धूत होती. थोरलीला अक्षर येत नव्हतं, पण क्रेट मोजून मोजून आकडे पाठ होते आणि घड्याळ कळत होतं. ती तक्त्यासमोर उभी राहिली. मग मोरीच्या दाराशी गेली.

“आत्ता किती वाजले?”

“का?”

“साडेअकरा. मग चारच्या घरात खूण कशी?”

चादरीवरचा ब्रश थांबला.

“ती… ती कालची ओळ असेल.”

“कालची ओळ वर आहे. आजची सहापर्यंत भरलीय.”

“तुला वाचता येत नाही ताई, उगीच त्यात पडू नको.”

“घड्याळ येतं.”

“बोट लावणार नाही म्हणालीस ना? मग लावू नको.”

थोरलीनं खाटेकडे पाहिलं. सासू उताणी होती. पांघरूण गळ्यापर्यंत. तिनं थोरलीकडे पाहून ‘नको’ म्हटलं, आणि तो सूर पाण्याचाही नव्हता आणि लघवीचाही नव्हता. थोरली तिथं उभी राहिली असती तर तिला कळलं असतं. पण अपमान अजून ताजा होता. ती गेली. पुढं कित्येक दिवस तिला ही एवढी गोष्ट आठवायची, की आपण ऐकलं आणि गेलो.

अकराव्या दिवशी सकाळी सासूच्या खोलीचं दार उघडल्या उघडल्या थोरलीला वास आला. गोडसर, कुजका. सासूचं अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धवट. थोरलीनं धाकटीला बाजूला केलं. ढकललंच म्हणायला हवं. थोरल्यानं टेम्पोवाल्याला हाक मारली. क्रेट उतरवून मागं गादी टाकली आणि दोघी दोन बाजूंना बसून मोठ्या दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टर तरुण होता, रात्रपाळी करून थकलेला. धाकटीचे पांढरे कपडे बघून तो तिच्याशीच बोलला. “स्टुडंट का? किती दिवसांचा ताप?”

“आजचाच,” धाकटी म्हणाली.

“जखम वगैरे?”

धाकटीनं फाइल पुढं केली, निघताना खाटेशेजारचा तक्ताही तिनं त्यात घातला होता. हात आपोआप पुढं गेला असावा. डॉक्टरनं पानं उलटली. सगळं आखीव, रेघ न् रेघ सरळ. “दोन बाय दीड, कोरडी. तीनावरून इथपर्यंत आणलीत, छान. आणि ड्रेसिंगही आजच केलेलं. म्हणजे ताप तिथला नाही. छातीचा असेल, घास श्वासनळीत गेला असेल.” तो नर्सला म्हणाला, “छातीचा फोटो काढून घ्या. ड्रेसिंग नका उघडू, नीट आहे.”

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. तिनं बोलावं म्हणून पाहिलं. धाकटी जमिनीकडे बघत होती आणि तिच्या फाटलेल्या ओठाला पुन्हा रक्त आलं होतं, इतका तिनं तो चावला होता. नर्सनं खाट ढकलायला सुरुवात केली.

“डॉक्टर,” थोरली म्हणाली. “तो कागद बाजूला ठेवा. पाठ बघा.”

“तुम्ही कोण?”

“थोरली सून. त्या कागदात आहे मी.”

“बाई, सगळी नोंद आहे इथं. रोजची.”

“आजची ओळ बघा. संध्याकाळी सहापर्यंत खुणा आहेत. घड्याळात किती वाजलेत?”

डॉक्टरनं तक्त्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. पावणेदहा वाजले होते. त्यानं फाइल बंद करून धाकटीच्या हातात दिली, अगदी सावकाश, आणि खाटेशी गेला. पट्टी उघडली तेव्हा नर्सनं तोंड फिरवलं. वरून लहान दिसणाऱ्या तोंडाखाली काळी पडलेली कातडी तळहाताएवढी होती आणि आतलं पांढरं हाड दिसत होतं.

“हे मोजलंय कुणी?” डॉक्टर म्हणाला. कुणाला विचारलं त्याबद्दल शंकेला वाव नव्हता.

त्यांनी त्याच दिवशी मेलेलं मांस कापून काढलं. पहिले चार दिवस काही सांगता येत नव्हतं. थोरली खाटेशी बसली. एकालाच राहू देत होते आणि कोण राहणार हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. व्हरांड्यात धाकटीला घेऊन उभ्या राहिल्या. दार उघडं होतं.

“मोकळे रकाने ठेवले असतेस तर मी एक शब्द बोलले नसते,” मॅडम म्हणाल्या. “मोकळा रकाना वाचता येतो. आम्हाला कळतं की इथं माणूस कमी पडलं. भरलेला वाचून डॉक्टर दुसरीकडे बघायला लागला.”

“हो.”

“तुझा अभ्यास रद्द झालाय. पुढच्या वर्षी पुन्हा. तेही समितीनं ठेवलं तर.”

“हो, मॅडम.”

“आणि संमतीचं मी त्याच दिवशी बघायला हवं होतं. ते माझ्याकडे.” एवढं म्हणून त्या गेल्या.

थोरल्यानं धाकट्याला फोन लावून सांगितलं, बायकोला घेऊन जा. धाकटा म्हणाला, महिनाभर सुट्टी नाही. मग घरात दोनच माणसं उरली, थोरला आणि धाकटी, आणि वावरात शेवटची तोडणी. धाकटी सकाळी न सांगता तिथं जाऊन उभी राहिली. थोरल्यानं ओळ दाखवली आणि पाठ फिरवली. दिवसभर ती वाकून तोडत राहिली. फळ देठासकट आलं की बायका ते तिच्या क्रेटमधून काढून परत तिच्यासमोर टाकायच्या. देठ दुसऱ्या फळाला टोचतं हे तिला चौथ्या वेळेस कळलं. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. तिच्यावरून मात्र बोलत होते.

सहाव्या दिवशी तोडणी संपली आणि वेलाचे दोर, खुंटे काढायचं काम निघालं. टेम्पोवाल्याची बायको बांधावर बसली होती. मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काय गं नर्सबाई, इतकं पुस्तक शिकून सासूचं हाड कसं उघडं पडलं? का जावेनंच केलं ते?”

धाकटी खुंटा हलवत होती. तिनं तो सोडला.

“जावेनं नाही. माझ्या हातून झालं,” ती म्हणाली. “मी पलटवत नव्हते. दुपारी झोपायचे. एकटीला उचलत नव्हतं आणि सांगितलं नाही. कागदावर खोटं लिहिलं.”

बायका थांबल्या. एवढ्या सरळ उत्तराचं काय करायचं ते कुणाला सुचलं नाही. सगळ्यात म्हातारी बाई ओळीच्या टोकाला होती. ती म्हणाली, “दोर धर तिकडून, गुंता होतोय.” आणि काम सुरू झालं.

सासूला आणखी बारा दिवसांनी घरी आणलं. ती वाचली, पण चांगल्या हातातलाही जोर गेला होता. जखम भरायला चार-सहा महिने लागतील म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यातल्या नर्सनं पट्टी कशी करायची ते थोरलीला करून दाखवलं आणि मग तिच्याकडून तीनदा करून घेतलं.

वावरातलं बोलणं एव्हाना थोरलीच्या कानावर आलं होतं. दुपारी धाकटी दारात येऊन उभी राहिली. तिची बोटं काळी झाली होती. थोरली खाटेशी बसून पट्टीचे तुकडे कापत होती.

“बायकांना सांगितलंस म्हणे.”

“हो.”

“मला नाही सांगितलंस.”

धाकटीनं काळी बोटं मुठीत दडवली.

“ज्यांचा संबंध नाही त्यांना सांगितलंस. माझ्याबद्दल लिहिलंस तेव्हा शाई लागली, स्वतःबद्दल नुसती तोंडची हवा. आत ये. सांग. पहिल्या दिवसापासून.”

“ताई, आई जाग्या आहेत.”

“म्हणूनच.”

धाकटी आत आली. खाली बसली नाही. तिनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ वेळा. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी दोन. थोरली कात्रीनं कापत राहिली, तिनं वर पाहिलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. “पाचव्या दिवशी सकाळी एकदा,” धाकटी म्हणाली. “सहाव्या दिवशी नाही. सातव्या दिवशी नाही. आठव्या दिवशी चादर बदलताना एकदा. नवव्या दिवशी तू आलीस, तोवर नाही. तू गेल्यावरही नाही.”

सासूचे डोळे तिच्यावर होते. ती नको म्हणाली नाही.

“दहाव्या दिवशी?”

“वास आला होता. मी अत्तर लावलेला कापूस ठेवला.”

थोरलीची कात्री थांबली. बाहेर थोरला काढलेले खुंटे मोजून रचत होता, त्याचा ठक् ठक् आवाज येत होता.

“मी नवव्या दिवशी ऐकलं होतं,” थोरली म्हणाली. “ऐकून गेले. ते माझं.”

तिनं कापलेल्या पट्ट्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं, उठली. सासूचा गुडघा दुमडला आणि खांद्याखाली हात घातला. धाकटी तशीच उभी होती. थोरलीच्या आवाजात माया नव्हती आणि ती यायला पुढं पुष्कळ दिवस गेले.

“बघत काय राहिलीस,” ती म्हणाली. “मांड्यांशी धर.”